सात शेळ्या आणि एक कुंचला

मला शेळ्या आवडत नसत. आजही कुणी म्हणालं, "किती गोड प्राणी नाही हो!" की मी मनात म्हणते, दोन दिवस सांभाळून बघा आणि मग सांगा. शेळी हट्टी असते, चोरटी असते आणि तिच्या अंगाचा वास एकदा नाकात शिरला की घर करून बसतो. तरी माझ्या तरुणपणातले जे काही आठवडे मला अगदी लख्ख आठवतात, ते शेळ्यांच्या अंगाला औषध चोळण्यात गेले. आता याला मी तरी काय करू?

मी गिरगावातली. शाळेत अक्षराची बक्षिसं मिळवलेली, शिवणाचा क्लास केलेली, घरात सगळं जिथल्या तिथे. लग्न झालं आणि आले लालबागला, करी रोडच्या पुलाजवळच्या चाळीत. लग्नाआधी सांगितलं होतं, दादरला दोन खोल्या बघून ठेवल्यात. त्या कुणी बघितल्या, कधी बघितल्या, ते एक देवाला ठाऊक. हे गिरणीत फोल्डिंग खात्यात होते. तिथे कापडाच्या घड्या घालून गासड्या बांधायच्या आणि त्यांवर काळ्या शाईने छाप मारायचा, हे यांचं काम. घरात सासूबाई. आणि चाळीच्या मागे, नळाच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली सासूबाईंच्या सात शेळ्या. एवढं माझं सासर.

सासूबाई मालवणकडच्या. सासरे गेले तेव्हा हे चार वर्षांचे होते. बाईंनी एक दुभती शेळी मिळवली, तिची दुसरी केली, दुसरीच्या चार, आणि त्यांच्या दुधावर मुलाला वाढवलं, शिकवलं. उंचीने माझ्या खांद्याएवढ्या, आवाज मात्र गिरणीच्या भोंग्याशी स्पर्धा करणारा. शेळ्यांशी त्या मालवणीत बोलायच्या, माझ्याशीही मालवणीतच बोलायच्या, आणि पहिले सहा महिने कुणाला ओरडताहेत तेच मला कळायचं नाही.

शेळीचं दूध तेव्हा तान्ह्या मुलांना लागायचं, छाती अधू झालेल्या गिरणीवाल्यांना लागायचं, म्हाताऱ्यांना लागायचं. दुधात पाणी नाही याची खात्री पटावी म्हणून गिऱ्हाइकाच्या दारातच धार काढायची, अशी रीत. म्हणजे गिऱ्हाईक तिसऱ्या माळ्यावर असलं तर शेळी तिसऱ्या माळ्यावर! खोटं नाही सांगत. सासूबाई पुढे, मागे शेळी, लाकडी जिन्यावर टकटक टकटक खुरांचा आवाज, आणि सर्वांत मागे हातात केरसुणी नि सुपली घेऊन मी. शेळी जिना चढताना मागे काय टाकते ते सांगायला नको. गिरगावच्या मैत्रिणी भेटल्या आणि "काय करतेस गं दिवसभर?" म्हणाल्या, की मी विषय बदलायची.

थोडक्यात, मी त्या घरात तोंड फुगवूनच वावरत होते. त्यातून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले आणि सहाव्या महिन्यात ते मूल गेलं. मुलगा होता. त्यावर जास्त बोलत नाही. त्यानंतर मी बोलणंच टाकलं. कामं करायची, जेवायची, पण कुणी चार शब्द विचारले तर एका शब्दात उत्तर. माहेरी नेलं, परत आणलं, काही फरक नाही. सासूबाईंनी मला एकदाही "झालं गेलं विसर" म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची जन्माची ऋणी आहे. रोज सकाळी फक्त एक पेला कोमट दूध माझ्यासमोर ठेवायच्या. "गो, नाक धर नि पी," एवढंच म्हणायच्या. मी नाक धरायची आणि प्यायची.

संयुक्त महाराष्ट्राची ती वर्षं. लालबाग-परळात कोरी भिंत म्हणून राहिली नव्हती. डांबराने, गेरूने, चुन्याने, जे हाताला लागेल त्याने लोक लिहीत होते. घोषणा देऊन देऊन यांचा घसा कायम बसलेला. जेवायला बसले तरी खुणेने आमटी मागायचे. आमच्या बाजूची प्रभातफेरी ठरली, आणि आमच्या माळ्यावरच्या मंडळींना वाटू लागलं की आपल्या चाळीचं काहीतरी वेगळं दिसलं पाहिजे. कुणी म्हणालं बैलगाडी, कुणी म्हणालं लेझीम. हे बोटं मोजत बसले होते. एकदम म्हणाले, "सं, यु, क्त, म, हा, रा, ष्ट्र. सात होतात! आपल्या शेळ्या किती?"

झालं. सगळा माळा उठून उभा राहिला. एकेका शेळीवर एकेक अक्षर. शेळ्या पांढऱ्याशुभ्र, गिरणीतली काळी शाई त्यांच्यावर ठसठशीत उठणार. आता गंमत अशी, की आमच्या शेळ्या होत्या सुरती जातीच्या, म्हणजे मूळच्या गुजरातच्या. मुंबईतल्या दुभत्या शेळ्या बहुतेक त्याच. "अरे, त्यांना तरी विचारा, त्यांचं काय मत आहे," असं कुणीतरी म्हणालं आणि खूप हशा झाला. मी आत भांडी घासत होते.

तेवढ्यात यांनी हाक मारली. अक्षर काढायचं तर वहिनीनेच, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मी नाही म्हणणार होते. पण बाहेर येऊन बघते तर यांनी एका शेळीवर स्वतःच सराव म्हणून रेघोटी ओढली होती, आणि ती इतकी वाकडी होती की माझ्याच्याने बघवेना. "ठेवा तो ब्रश," मी म्हणाले. "केसांवर शाई फुटते. आधी केस कापायला हवेत." आणि घरातून माझी शिवणाची कात्री घेऊन आले.

मी प्रत्येक शेळीच्या कुशीवर वीतभर चौकोन अगदी कातडीपर्यंत भादरला. मग यांनी गिरणीतून आणलेला छापाचा कुंचला मी शाईत बुडवला आणि सुरुवात केली. पहिली थोरली. ही सर्वांत म्हातारी शेळी, सासूबाईंची लाडकी, उभं राहायला सांगितलं की उभी राहणारी. तिच्यावर मी "सं" काढला, आणि काय सांगू, असा अनुस्वार मी बक्षिसाच्या वहीतही काढला नसेल. मग दुसरी, तिसरी. तीच कात्री, तोच कुंचला, तोच डबा. सातवीवर "ष्ट्र" काढायचा होता. ती भारी अवखळ. यांनी तिला मिठी मारून धरलं होतं. मी खालचा तिरपा फराटा ओढते न ओढते तोच तिने मानेला असा हिसडा दिला, की डबा उडाला आणि सगळी शाई यांच्या तोंडावर. नुसते दोन डोळे दिसत होते. आणि शेळी यांचा कान चघळत होती.

मी हसले. हसले म्हणजे काय, खाली बसकण मारली, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी. हे "हसतेस काय, पुस ना!" म्हणून ओरडतात आणि मला आणखी हसू येतं. सासूबाई दुधाचं भांडं हातात घेऊन छपराच्या खांबापाशी उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. थोडा वेळ बघत राहिल्या आणि आत गेल्या.

प्रभातफेरीचं सांगायचं तर शेळ्या काही ओळीत चालल्या नाहीत. "हा" सर्वांत पुढे, "क्त" भाजीवाल्याच्या टोपलीत, "सं" आणि "रा" एकमेकींना टकरा देताहेत. पण लोकांना बरोबर कळलं. माडीवरून बायका टाळ्या वाजवत होत्या, मुलं शेळ्यांच्या गळ्यात पडत होती, आमच्या चाळीचं नाव झालं. दुसऱ्या दिवशी नळावर पाणी भरताना मी दोन बायकांशी आपण होऊन बोलले.

तीन आठवडे गेले असतील. एका सकाळी थोरलीला पुसताना मला तिच्या कुशीवरचा चौकोन विचित्र दिसला. केस उगवायच्या ऐवजी कातडी राखाडी पडली होती, वर कोंड्यासारखी खपली, आणि मध्ये एकात एक गोल वर्तुळं. मानेवरही रुपयाएवढं एक. मी बाकीच्या शेळ्या बघितल्या. सगळ्यांच्या चौकोनांत तेच. ज्या ज्या जागी माझी कात्री आणि माझा कुंचला फिरला होता, नेमकं तिथेच.

गजकर्ण! चार दिवसांत सासूबाईंच्या दोन्ही हातांवर, कोपराच्या आतल्या बाजूला, लाल कडी उठली. मग माझ्या मनगटावर. आणि मग दुसऱ्या माळ्यावरच्या तीन वर्षांच्या मुलीच्या गालावर. ती रोज "क्त"च्या गळ्यात पडायची. तिची आई मुलीला कडेवर घेऊन सरळ आमच्या दारात आली आणि तिने जो तोंडाचा पट्टा सोडला, तो सगळ्या चाळीने ऐकला. तिची तरी काय चूक? एकुलती एक पोर, आणि तिच्या गालावर तो गोल.

संध्याकाळी चौकात चाळ जमली. पहिल्या माळ्यावर एक पोक्त गृहस्थ राहत, त्यांच्या शब्दाला सगळे मान देत. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या शेळ्यांचं दूध पिऊन इथली निम्मी पोरं मोठी झाली, ते आम्ही विसरलो नाही. पण रोग चाळीत फिरतोय. महिनाभर वाट बघू. शेळ्या स्वच्छ झाल्या तर प्रश्न नाही. नाही झाल्या तर छप्पर मोकळं करायला लागेल."

सासूबाईंनी मान हलवली आणि घरात येऊन चुलीसमोर बसल्या. चूल पेटवलेली नव्हती. त्या गिरणीच्या भोंग्यासारख्या बाईचा आवाज इतका बारीक झालेला मी पहिल्यांदा ऐकला. "शेळयो गेल्यो तर मी काय करू गो? माका दुसरा काय येता?"

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. घाबरले, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी भायखळ्याहून यांनी एका म्हाताऱ्या ख्रिस्ती गृहस्थांना आणलं. ते शर्यतीच्या घोड्यांच्या तबेल्यात मलमपट्टीचं काम करून निवृत्त झालेले. डॉक्टर नव्हेत, पण सगळे त्यांना डॉक्टरच म्हणत. डोक्यावर हॅट, हातात चामड्याची बॅग, आणि बोलणं सगळ्या भाषांची भेळ. त्यांनी थोरलीची खपली नखाने उचलली, उन्हात धरली आणि म्हणाले, "ये तो रिंगवर्म है, बाय. घोड्यांना पण होतो. एकाचा ब्रश दुसऱ्याला मारला का झाला. कोणी एकच ब्रश सगळ्यांना फिरवला काय?"

मी बोलायला तोंड उघडलं असेल नसेल, तोच सासूबाई म्हणाल्या, "मीच. मीच पुसतंय सगळ्यांका एकाच फडक्यान."

म्हाताऱ्याने शेळ्यांच्या कुशीवरचे ते रेखीव चौकोन बघितले, मग माझ्याकडे बघितलं आणि बॅग उघडली. मला वाटलं, वाचले. पाच मिनिटांनी वाटलं, मेले. कारण मला दिसत होतं, सासूबाई हे सगळं आपल्या फडक्याने झालं असं मानताहेत, आणि मी ते मानू देत होते.

मग सुरू झाला आमचा कारखाना. म्हाताऱ्याचे नियम कडक होते. सातही शेळ्या एकमेकींना शिवणार नाहीत अशा लांब बांधायच्या, आणि उन्हात, दिवसभर उन्हात. प्रत्येकीचं दावं वेगळं, पुसायचं फडकं वेगळं, आणि ती रोज उकळायची. आमच्या घरात भाताच्या पातेल्यापेक्षा फडक्यांचं पातेलं जास्त वेळ चुलीवर असायचं. गरम पाणी आणि साबणाने खपल्या भिजवून सोडवायच्या, जमिनीवर पडू द्यायच्या नाहीत, कागदावर गोळा करून शेगडीत जाळायच्या. मग कापसाच्या बोळ्याने आयोडीन, बाहेरच्या कडेपासून आत. एक बोळा एका डागाला, पुन्हा तो बाटलीत बुडवला तर म्हाताऱ्याने माझा जीव घेतला असता. रात्रीच्या बांधण्याची जागा खरवडून तिला चुन्याचा हात द्यायचा, खांबांना फिनेल. जिच्या अंगावर डाग कमी तिची धार आधी, जास्त डागवालीची शेवटी, मध्ये दर वेळी हात धुवायचे. दूध उकळल्याशिवाय कुणाला द्यायचं नाही. जिना चढणं तर बंदच.

माझी कात्री मी उकळून उकळून काळी केली. कुंचला चुलीत घातला. हे म्हणाले, "अगं, गिरणीत परत द्यायचाय तो!" मी म्हटलं, "जा, सांगा, बायकोने जाळला." हे निमूटपणे कामाला गेले.

आयोडीन झोंबतं. शेळ्या बोंबलायच्या, लाथा झाडायच्या. एकीने धरायचं, दुसरीने लावायचं, असं काम. त्यामुळे रोज दोन-अडीच तास मी आणि सासूबाई समोरासमोर, मध्ये एक शेळी. इतक्या दिवसांत आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो. त्या मला गावचं सांगायच्या. नवरा गेल्यावर पहिली शेळी आणली तेव्हा धार कशी काढायची ते येत नव्हतं, शेळी त्यांना रोज पाडायची, म्हणून लहानग्या यांना शेळीच्या पुढे उभं करून पाल्याची फांदी धरायला लावायच्या. फांदी संपली की यांच्या सदऱ्याची बाही. लहानपणी यांच्या एकाही सदऱ्याला म्हणे धड बाही नव्हती. मी हसले की त्या माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "हात चालव गो, हात."

पण एक गोष्ट मला खात होती. त्यांनी कुणालाही शिवायचं बंद करून टाकलं होतं. चाळीतली मुलं त्यांच्याकडे धावत यायची, त्या दोन्ही हात मागे घ्यायच्या. जेवायला दाराशी वेगळ्या थाळीत बसायच्या. कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. माझ्याही मनगटावर होतंच की! पण मला म्हणायच्या, "तुझा जातला. तू तरणा आसंस." आणि कुणी गिऱ्हाईक दूध बंद करून गेलं की म्हणायच्या, "माझाच चुकला. फडक्याचा माझ्या ध्यानातच इला नाय." असं त्या म्हणाल्या की मी उठून फडक्यांचं पातेलं ढवळायला जायची. एकदा शेळीचा पाय धरून म्हणालेच, "आई, तुमच्या फडक्याने नाही झालं..." तर त्या म्हणाल्या, "पाय घट धर, लाथ बसात." पुढे माझा धीर झाला नाही.

हळूहळू गुण येत गेला. आधी "यु"चा चौकोन गुलाबी झाला, मग त्यावर बारीक पांढरी लव आली. मी ती लव बघायला दिवसातून दहादा जायची. मी, शेळ्यांच्या वासाने नाक मुरडणारी! एकेकीची कातडी भरत गेली. दुसऱ्या माळ्यावरच्या मुलीचा गालही म्हाताऱ्याच्या मलमाने साफ झाला. फक्त थोरली हटेना. तिची कूस बरी झाली, पण मानेवरचा तो डाग ओलाच. वय झालेलं, अंगात ताकद नाही, असं म्हातारा म्हणाला.

महिना भरला त्या रविवारी चाळ पुन्हा चौकात जमली. म्हाताऱ्याने चष्मा लावून एकेक शेळी तपासली. सहा साफ. सातवी थोरली. ते खोटं बोलणारे नव्हते. "इसको और टाइम पायजे," म्हणाले.

पोक्त गृहस्थांनी थोडा विचार केला. "मग असं करू. या सहा राहू देत. म्हातारीला तेवढं बाहेर काढा. आजारी आहे, दूधही आता फारसं देत नसेल."

बाहेर काढा म्हणजे कुठे, ते सगळ्यांना कळत होतं. अंगावर डाग असलेली म्हातारी शेळी खाटकाशिवाय कोण घेणार? सासूबाई दावं हाताला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. आणि मग म्हणाल्या, "बरा. सगळ्यांचा बरा होवंदे. चूक माझीच."

माझं डोकं फिरलं. मी पुढे झाले. सुनेने चौकात, पुरुषांसमोर, सासूच्या देखत बोलायचे ते दिवस नव्हते. हे माझा पदर ओढत होते.

"चूक आईंची नाही, माझी आहे," मी म्हणाले. "फडकं वगैरे काही नाही. कात्री मी चालवली. एकच कुंचला सातही शेळ्यांवर मी फिरवला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले, म्हणून आईंनी स्वतःवर घेतलं. मला काय बोलायचं ते बोला." आणि मग मला थांबताच येईना. "आणि मला एक सांगा. अक्षरं काढ म्हणून मला बोलवायला कोण आलं होतं? डबा कुणी धरला? शेळ्या रस्त्याने निघाल्या तेव्हा टाळ्या कुणी वाजवल्या? तेव्हा त्या सगळ्या चाळीच्या शेळ्या होत्या. 'आमच्या चाळीच्या शेळ्या' म्हणून सांगत फिरत होतात परळपर्यंत! आणि आता गजकर्ण झालं तर एकट्या आईंच्या? थोरलीवर 'सं' होता. तो 'सं' पुढे घालून तुम्ही सगळे मागून चाललात. लाज वाटू द्या थोडी!"

पोक्त गृहस्थ चष्मा पुसायला लागले. मग दुसऱ्या माळ्यावरची ती मुलीची आई, जिने पहिल्या दिवशी आमच्या दारात तांडव केलं होतं, ती म्हणाली, "द्या हो आणखी पंधरा दिवस. माझ्या पोरीचा गाल बरा झाला, शेळीचीही मान होईल. मी उद्यापासून दूध घेणार आहे." मग आणखी कुणी हो म्हणालं, आणखी कुणी. पोक्त गृहस्थ म्हणाले, "पंधरा दिवस. पण लांब बांधा." आणि लोक पांगले. हे माझ्याकडे असे बघत होते, की ही बाई आपल्या घरात नक्की कधीपासून राहते.

छपराखाली आलो. मला वाटलं, सासूबाई आता मला फाडून खाणार, आणि खरं सांगते, मला तेच हवं होतं. त्यांनी थोरलीला खांबाला बांधलं, आयोडीनची बाटली घेतली, कापसाचे बोळे केले. नेहमीची संध्याकाळची वेळ झाली होती औषधाची.

"कित्याक बोललंस थय?" त्यांनी विचारलं.

"माझंच चुकलं होतं, आई. तुम्ही उगाच स्वतःला..."

"तुझा काय चुकला?" त्या बोळा बाटलीला लावत म्हणाल्या. "हिच्या मानेर ह्यो डाग रंगवच्या आधीच होतो. दोन दिस आधी दिसलो होतो माका."

मला काही उमजेना. "मग तुम्ही थांबवलं का नाही आम्हाला?"

"थांबवूकच इल्लंय. ह्या खांबाकडे उभी होतंय, भांडा घेवन." त्यांनी थोरलीची मान एका हाताने वळवून धरली. "बघलंय तर तू हसत होतंस. पोर गेल्यापासून तुझा हसणा आयकाक नव्हता. माझ्या तोंडातून शब्दच भायर पडाक नाय. म्हटला, होवंदे काय होवचा ता. शेळयांका औषध गावता."

मी रडायला लागले. त्या वर्षी मूल गेलं तेव्हाही इतकी रडले नसेन. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. घेणार कशा, हातांवर डाग होते ना. बोळा तसाच हातात धरून त्या म्हणाल्या, "पुरे गो आता. कान धर हिचो. औषध डोळ्यात जायत."

मी डोळे पुसले आणि थोरलीचा कान धरला.